शाळा म्हणजे मठ नव्हे

29 मे 2024 रोजी महाडात पुन्हा एकदा मनुस्मृती जाळण्यात आली. राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात तिच्यातला एक श्लोक छापला गेला होता. त्याच्या निषेधासाठी आमदार जितेंद्र आव्हाड कार्यकर्त्यांसह आले होते. त्या गडबडीत एक पोस्टर फाडले गेले आणि त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चित्र होते. झाले, तेव्हापासून महाराष्ट्रभर चर्चा त्या पोस्टरचीच. आव्हाडांनी माफी मागितली, विरोधकांनी त्यांच्याविरुद्ध आंदोलने केली, वाहिन्यांना विषय मिळाला. ज्या मसुद्यावरून हे सगळे सुरू झाले तो मात्र बाजूलाच पडला. आणि ज्या महाडच्या नावाने हा गदारोळ चालला होता, त्या महाडातल्या, शेजारच्या पोलादपुरातल्या सरकारी शाळांत रोज सकाळी काय होते हे विचारायला एकही जण आला नाही. मी पोलादपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्यभर शिकवले आणि आता महाडात राहतो. मला याचा राग आला होता, तो अजून उतरलेला नाही.

मसुद्यात काय होते ते आधी सांगतो. मुलांकडून मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय पाठ करून घ्यावा, असे त्यात सुचवले होते. मूल्यशिक्षणाच्या भागात मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला एक श्लोक होता. वडीलधाऱ्यांना वंदन करणाऱ्याचे आयुष्य, विद्या, यश आणि बळ वाढते, असा त्याचा आशय. यात वाईट काय, असे अनेकांनी विचारले. त्यांनी तोच दुसरा अध्याय चार पाने मागेपुढे चाळावा. कुणाची मुंज कितव्या वर्षी करून त्याला शिकायला बसवायचे हे तिथेच लिहिलेले आहे: ब्राह्मणाचे मूल आठव्या वर्षी, क्षत्रियाचे अकराव्या, वैश्याचे बाराव्या. शूद्राच्या मुलाला वयच दिलेले नाही, कारण त्याने शिकायचेच नाही. मुलींबद्दलही त्याच अध्यायात आहे: लग्न हाच त्यांचा संस्कार, नवऱ्याची सेवा हाच त्यांचा गुरुगृहीचा वास. माझ्या वर्गात कुणब्यांची, मराठ्यांची, बौद्धांची, धनगरांची, कातकऱ्यांची मुले होती आणि निम्म्या मुली होत्या. ज्या अध्यायाने या सगळ्यांना शाळेच्या पायरीवरूनच परत पाठवले असते, त्याच अध्यायातला सुविचार त्यांच्यासाठीच्या आराखड्यात घालणाऱ्या माणसाने एक तर तो अध्याय वाचलेला नव्हता किंवा वाचून त्याला काही वाटलेले नव्हते. दोन्ही प्रकारच्या माणसांना शिक्षणाच्या कामापासून दूर ठेवले पाहिजे.

तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी मनुस्मृतीला अभ्यासक्रमात स्थान नाही असा खुलासा केला आणि प्रकरण मिटले असे सर्वांनी धरून चालले. पण मनाचे श्लोक आणि गीता यांचे काय? त्यावर फारसे कुणी बोलले नाही. मनुस्मृतीला विरोध करणे सोपे आहे, तिच्या बाजूने उघडपणे उभे राहणारे आता फार थोडे. रामदासांच्या किंवा गीतेच्या पाठांतराला सरकारी शाळेत विरोध केला तर मते जातात. म्हणून विरोधी पक्षांनी सोपे तेवढे जाळले आणि अवघड ते तसेच ठेवून मुंबईची वाट धरली.

मला मनाचे श्लोक पाठ आहेत. आजीने दिवेलागणीला माझ्याकडून ते म्हणून घेतले. दासबोध जिथे लिहिला गेला असे मानतात ती शिवथरघळ आमच्याच तालुक्यात आहे. शंकरराव देवांनी ती 1930 साली शोधून काढली. पावसाळ्यात तिथल्या धबधब्यासमोर उभे राहिले की भक्त नसलेल्याचेही मन भरून येते. विनोबा याच जिल्ह्यातले, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली दर रविवारी ते गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतले. मराठीत गीतेवर त्याहून प्रेमाने कुणी बोलले असेल असे मला वाटत नाही. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्याही प्रगतिपुस्तकावर त्याचा शेरा पडत नव्हता. तेव्हा मला धर्म नको आहे म्हणून मी हे लिहितो, असा समज कुणी करून घेऊ नये. घरात आजी आहे, गावात देऊळ आहे, वारकऱ्यांचा सप्ताह आहे, घळीत मठ आहे, मोहल्ल्यात मशीद आहे, बौद्धवाडीत विहार आहे. शाळा मात्र सगळ्यांच्या पैशाने चालते. तिथे कुणा एकाची पूजा चालली की उरलेल्यांच्या पैशावर आणि त्यांच्या पोरांवर जबरदस्ती होते. मला एवढेच सांगायचे आहे, आणि हे शिकायला महाडच्या माणसाला दिल्लीला जायची गरज नाही. या गावात हाच मुद्दा तळ्याच्या काठावर लढला गेला.

चवदार तळ्याचा लढा आपण पाण्याचा म्हणून सांगतो. तो पाण्याचा होताच. पण तो ज्या ठरावातून निघाला तो नीट वाचा. 4 ऑगस्ट 1923 रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली करावीत, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखानेही. पाणवठा आणि शाळा एकाच ठरावात होत्या आणि दोन्हींना कसोटी एकच होती: खर्च कोण करतो? महाडच्या नगरपालिकेने सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने जानेवारी 1924 मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. 1926 साली बोले यांनी दुसरा ठराव आणला की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हे मानणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. म्हणजे सगळ्यांचे पैसे घ्यायचे आणि सगळ्यांना आत घ्यायचे नाही, हे चालणार नाही.

20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि हजारो माणसे तळ्यावर गेली, पाणी प्यायली. त्यानंतर काय झाले तेही आठवा, कारण आजच्या वादाशी त्याचाच संबंध आहे. वीरेश्वराच्या देवळात घुसणार असल्याची अफवा उठवून परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. मग तळे 'शुद्ध' करण्यासाठी त्यात 108 घागरी पंचगव्य ओतले गेले आणि मंत्र म्हटले गेले. सार्वजनिक मालमत्तेवर धर्मविधी करून ती आपली असल्याचे जाहीर करायची, ही ती रीत. त्याच वर्षी 4 ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात परिषदेसाठी सवर्णांपैकी कुणी जागा दिली नाही, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला, ते जन्माने ब्राह्मण. वहिवाटीचा दावा कोर्टात दहा वर्षे चालला. तळे आमचे, अस्पृश्यांना तिथे कधीच प्रवेश नव्हता, असे वादींचे म्हणणे. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळले. आमची जुनी रीत आहे म्हणून सार्वजनिक वस्तू आमचीच, हा युक्तिवाद महाडच्याच खटल्यात हरला. आज तोच युक्तिवाद प्रार्थनेच्या बाबतीत नव्याने ऐकू येतो: आमच्याकडे पूर्वीपासून असेच आहे.

आता शाळेकडे येतो. 1856 साली धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारने नकार दिला. एका मुलासाठी बाकी सगळ्यांची शाळा मोडणे योग्य नाही, असे कारण दिले. विलायतेतून त्यावर सांगणे आले की सरकारच्या खर्चाने चालणारी शाळा सर्वांना खुली असली पाहिजे. आदेश आला आणि अंमलात यायला पिढ्या गेल्या. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन आले, 1895 साली महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले गेले, तर बाकीच्या सभासदांना त्यांच्याबरोबर बसणे सहन होईना. हीच बोर्डे तालुक्याच्या शाळा चालवत होती. लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे, 1927 च्या परिषदेमागचे खरे संघटक, त्यांना 1914 साली महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला. पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहिले, ते छापून आले, तेव्हा प्रवेश मिळाला, पण बसायला वेगळी जागा. अकरा वर्षांच्या मुलाला आपल्या हक्कासाठी वर्तमानपत्रात जावे लागले हे लक्षात ठेवा. त्याला वेगळे बसवणारे कुणी गुंड नव्हते. सज्जन, स्नानसंध्या करणारे, मुलांवर संस्कार व्हावेत असे वाटणारे लोक होते.

त्या काळात सरकारी शाळेत धर्म नको असे म्हणणारे कोण होते? आमचेच पणजोबा. 1839 साली मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला आणि मिशनच्या शाळेतून मुले पटापट काढून घेतली गेली. 1843 साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला, त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला, त्याच्यासाठी आईबापांना कोर्टात जावे लागले आणि तो परत आल्यावर त्याला जातीत घ्यायचे की नाही यावरून पुणे-मुंबई पेटली. त्या धास्तीने हिंदू पालक म्हणत होते: सरकारी शाळेत बायबल नको. 1854 च्या वुडच्या खलित्याने ते मान्य केले. सरकारी शाळेत धर्मशिक्षण नाही, आणि खासगी शाळेला अनुदान द्यायचे तर तिथला फक्त लौकिक अभ्यास तपासायचा. मिशनऱ्यांनी याला निर्देव शिक्षण म्हणून नावे ठेवली. आज जी भाषा आमचे संस्कारवादी बोलतात, ती तेव्हा पाद्री बोलत होते: धर्माशिवाय नीती नाही, देवाशिवाय मुले बिघडतील. ज्या तटस्थतेच्या आडोशाला आपण अल्पबळ असताना उभे राहिलो, बळ आल्यावर तोच आडोसा दुसऱ्याच्या डोक्यावरून काढून घ्यायचा, याला मी कृतघ्नपणा म्हणतो.

1882 च्या हंटर आयोगाने कॉलेजांसाठी 'नैसर्गिक धर्मा'च्या मूलतत्त्वांवर नीतीचे पुस्तक तयार करावे असे सुचवले. आयोगावर काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. संस्कृतचे मोठे पंडित, गीतेचे इंग्रजी भाषांतर केलेला माणूस. त्यांनी या शिफारशीला लेखी विरोध केला. गीतेवर प्रेम आणि सरकारने नीतीचा ग्रंथ नेमण्याला विरोध, हे दोन्ही एका माणसाच्या ठायी असू शकते, हे आजच्या लोकांना कळत नाही. त्याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. त्यांचा मुद्दा पैशाचा होता: सारा भरतो रयत आणि शिक्षण मिळते वरच्या मूठभरांना. रयतेची पोरे बारा वर्षांपर्यंत सक्तीने शिकवा, अशी मागणी त्यांनी केली. दीडशे वर्षे होत आली आणि आपण अजून रयतेच्या पोरांच्या शाळेचे पैसे कुठे जातात हे न विचारता तिथे कोणता श्लोक म्हणायचा यावर भांडतो आहोत.

टिळकांचे नाव या वादात हमखास येते. 1908 साली बार्शीच्या भाषणात त्यांनी राष्ट्रीय शिक्षणात धर्मशिक्षणाला पहिले स्थान दिले, हे खरे आहे. पण ते सरकारी मदतीवाचून, लोकांच्या वर्गणीने चालवायच्या शाळांबद्दल बोलत होते. स्वतःच्या पैशाने शाळा काढा आणि तिथे गीता शिकवा, त्याला माझी आडकाठी नाही. टिळकांचे नाव घेऊन जिल्हा परिषदेच्या तिजोरीला हात घालू नका.

7 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत यावर चर्चा झाली. आज जे अठ्ठाविसावे कलम आहे ते तेव्हा मसुद्यात बावीस क्रमांकाचे होते. पूर्णपणे सरकारी पैशातून चालणाऱ्या शाळेत कोणतेही धर्मशिक्षण दिले जाणार नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धर्मशिक्षणात वा उपासनेत सक्तीने सामील करता येणार नाही, मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागेल. बाबासाहेबांनी याची कारणे दिली, त्यातले पहिले कराचे होते: सगळ्यांकडून घेतलेला कर एखाद्या धर्माच्या कामी खर्च करायचा नाही, हे आपण आधीच ठरवले आहे. दुसरे, इतके धर्म असलेल्या देशात एकाला सवलत दिली की सगळ्यांचे दावे येणार. तिसरे त्यांनी अगदी रोखठोक सांगितले: प्रत्येक धर्म आपलाच मार्ग खरा आणि बाकीचे चूक म्हणतो, आणि हे भांडण शाळेत आणले तर शाळेची शांतता जाईल. सभेत हे बोलणारा माणूस एकवीस वर्षांपूर्वी महाडच्या तळ्यावर उभा होता. 1923 च्या ठरावातली कसोटी आणि 1950 च्या संविधानातली कसोटी एकच आहे. महाडकरांना याचा अभिमान वाटायला हवा. त्याऐवजी आम्ही दर मार्चला पाण्याचा जयजयकार करतो आणि जूनमध्ये शाळा उघडली की मुलांना रांगेत उभे करून हात जोडायला लावतो.

पुढच्या सत्तर वर्षांत मागच्या दाराने आत यायचे प्रयत्न चालूच राहिले. मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1960 साली धार्मिक आणि नैतिक शिक्षणाची शिफारस केली. 1999 मध्ये आमच्याच शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने मूल्यशिक्षणात सर्व धर्मांची तत्त्वे यावीत असे म्हटले. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय खटल्यात निकाल दिला की धर्मांविषयी अभ्यास करणे आणि धर्माचे शिक्षण देणे वेगळे. कोठारी आयोगानेही 1966 मध्ये हाच फरक सांगितला होता. हा फरक मला मान्य आहे. मराठीच्या तासाला रामदास शिकवा, तुकोबा शिकवा, जनाबाई शिकवा, शेख महंमदही शिकवा. काव्य म्हणून वाचा, काळ समजावून सांगा, मुलाने प्रश्न विचारला तर त्याला उत्तर द्या. पण पाठांतर करून रोज सकाळी म्हणून घेणे हा अभ्यास नव्हे. ज्यावर मुलाला हे मला पटत नाही असे म्हणायची सोय नाही, ती उपासनाच. पसायदानालाही मी हेच लावतो, आणि यावरून मला शिव्या बसल्या आहेत. पसायदान माझे आवडते आहे, ते सगळ्यांसाठी मागणे आहे, ते वर्गात शिकवताना माझा आवाज दरवेळी जड झाला. म्हणूनच ते कुणावर लादलेले मला बघवत नाही.

लादणे म्हणजे काय ते सांगतो. पोलादपूरच्या आतल्या एका वाडीतली दोनशिक्षकी शाळा. पावसाळा, पत्र्यावर पावसाचा इतका आवाज की परिपाठ ओरडून घ्यावा लागे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. आमच्या सहकाऱ्याने त्यात आपणहून एक स्तोत्र वाढवले होते. चौथीतली एक मुलगी बौद्धवाडीतून यायची. स्तोत्र सुरू झाले की ती हात सरळ खाली ठेवून उभी राहायची, डोळे उघडे, ओठ मिटलेले. एके दिवशी गुरुजी तिच्यापाशी गेले, तिचे दोन्ही हात धरले आणि एकमेकांना जोडले. मारले नाही, ओरडले नाहीत, अगदी प्रेमाने. ते पुढच्या रांगेकडे वळेपर्यंत तिने हात तसेच ठेवले, मग सोडले आणि फ्रॉकला पुसले. तिचा बाप दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत आला, शिष्यवृत्तीच्या अर्जाचे विचारून गेला. याबद्दल चकार शब्द काढला नाही. मी सहकाऱ्याशी त्याच दिवशी भांडलो. अर्ध्या मिनिटापूर्वी हिने उद्देशिकेत विश्वास, श्रद्धा आणि उपासना यांचे स्वातंत्र्य म्हटले आणि तुम्ही तिचे हात धरलेत, असे त्याला म्हणालो. त्याचे उत्तर होते: ‘अहो, देवाचेच तर नाव आहे, त्यात काय एवढे?’

त्यात काय एवढे हे तो म्हणू शकतो, कारण हात त्याचे नव्हते. याच मुद्द्यावर नाशिकमधला एक शिक्षक मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून संस्थेने त्याची वेतनवाढ रोखली होती. 2013 साली न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, सक्ती करता येणार नाही म्हणून सांगितले. तो शिक्षक होता, त्याला वकील करता आला, कोर्ट माहीत होते. चौथीतल्या मुलीने कुठे जायचे?

पालकाची संमती असेल तर चालेल, असे अठ्ठाविसावे कलम अनुदानित शाळांबाबत म्हणते. महाड-पोलादपुरातली बहुतेक माध्यमिक विद्यालये अनुदानित आहेत, शिक्षकांचा पगार सरकार देते. अशा शाळेने पालकाकडून प्रार्थनेसाठी संमतीपत्र घेतल्याचे मी आजवर पाहिलेले नाही. आणि घेतले तरी इथे त्या संमतीला काय किंमत? रायगड जिल्हा गावकीच्या वाळीत टाकण्यासाठी बदनाम आहे. माणसाशी बोलायचे नाही, त्याला दुकानात माल द्यायचा नाही, त्याच्या मयताला जायचे नाही. अशी इतकी प्रकरणे इथून गेली की राज्याला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या गावात गावकीच्या बैठकीत उलट बोलले म्हणून घर तोडले जाते, तिथला बाप शाळेच्या कागदावर माझे मूल आरती म्हणणार नाही असे लिहून देईल? त्या बापाचे गप्प राहणे म्हणजे संमती, असे म्हणणारा माणूस मुंबईत राहतो आणि त्याची मुले आंतरराष्ट्रीय शाळेत जातात.

दुसऱ्या बाजूलाही मी सोडणार नाही. 2015 साली याच राज्याच्या सरकारने ठरवले की ज्या मदरशांत फक्त धर्म शिकवला जातो आणि गणित, विज्ञान, भाषा शिकवल्या जात नाहीत, तिथली मुले शाळाबाह्य धरायची. तेव्हा पुष्कळ पुरोगामी चिडले. मी चिडलो नाही. मूल गणित शिकत नसेल तर ते शाळेत नाही, मग ते टोपी घालून बसलेले असो वा गंध लावून. मदरशातल्या गणिताच्या शिक्षकाला सरकारने मानधन द्यावे, धर्माच्या शिक्षकाला एक पैसाही देऊ नये. पण मग हेच मनाच्या श्लोकांना लावा. मदरशात सरकारी पैशाने धर्म नको म्हणून ओरडणाऱ्यांनी नऊ वर्षांत तोच हात गीतेसाठी पसरावा, याला तत्त्व म्हणत नाहीत, दांडगाई म्हणतात. महाड, दासगाव, वहूर, राजेवाडी इथे कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. त्यांच्या कराचा पैसाही त्याच तिजोरीत जातो. कातकऱ्यांचे तर कुणी नावच घेत नाही. त्यांचा देव कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. त्यांची पोरे दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात, तोवर मागचे अक्षर विसरलेले असते. त्या मुलाला तुम्ही कोणता श्लोक पाठ करायला देणार आहात?

जरा आमच्या शाळांची अवस्था बघा. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्या, मुंबईला गेलेले तरुण, पट कमी. 2023 साली शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. पोलादपुरात या हिशेबात शाळांची रांगच्या रांग बसते. पहिलीचे पोर ओढा ओलांडून, डोंगर उतरून पुढच्या गावात जाणार का? 2021 च्या जुलैत तळियेची दरड कोसळली आणि गावच गाडले गेले, त्या पट्ट्यात आपण लहान मुलांना पावसात चालायला सांगतो आहोत. दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळतात. त्यातला एक केंद्राच्या बैठकीला, दुसरा पोषण आहाराच्या तांदळाची नोंद, ऑनलाइन माहिती, मतदारयादी, सर्वेक्षण यात. तिसरीतल्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही, हातच्याची वजाबाकी येत नाही. अशा शाळेत शिक्षकाचा एक तास सोन्याहून महाग आहे. तो तास तुम्ही घोकंपट्टीला देणार, मग तालुका पातळीवर स्पर्धा, जिल्हा पातळीवर स्पर्धा, तिचे फोटो, तिचा अहवाल. ज्यांना शाळा चालवता येत नाही त्यांना तिथे पूजा मांडणे बरे वाटते, कारण पूजेला निकाल नसतो. जोडाक्षर आले की नाही हे तपासता येते.

मग मुलांवर संस्कार कुठे होणार, असे विचारतात. फ्रान्सने 28 मार्च 1882 ला, आमचा हंटर आयोग बसला त्याच वर्षी, सरकारी प्राथमिक शाळेतून धर्म काढला. पण त्याच कायद्यात लिहिले की रविवारखेरीज आठवड्यातला एक दिवस शाळेला सुट्टी राहील, म्हणजे ज्या आईबापांना हवे त्यांनी शाळेच्या इमारतीबाहेर मुलांना धर्म शिकवावा. दीडशे वर्षांपूर्वी त्यांना जे सुचले ते आपल्याला का सुचू नये? आपल्याकडे तर रविवार आहेच, शनिवारची अर्धी शाळा आहे. देवळात बालसंस्कार वर्ग भरवा, घळीत शिबिरे घ्या, विहारात वंदना शिकवा, मदरशात कुराण शिकवा. पालक घेऊन येतील. येत नसतील तर त्याचा दोष तुमच्या कीर्तनकाराचा आहे. तो भरून काढण्यासाठी सरकारी शिक्षकाला फुकटचा पुजारी करू नका.

येत्या ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी लेखी मागणी देणार आहे, आणि हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक पालकाने आपापल्या गावात द्यावी. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका राहतील. स्तोत्र, आरती, मंत्र, वंदना, दुआ यांपैकी काहीही सरकारी शाळेत सामूहिक म्हणून घेतले जाणार नाही. अनुदानित शाळेत घ्यायचे असेल तर दर वर्षी जूनमध्ये प्रत्येक पालकाकडून लेखी संमती घ्यावी. संमती न देणाऱ्या मुलांसाठी त्या वेळात वाचनाचा तास ठेवावा. त्यांना मैदानात किंवा पडवीत वेगळे उभे करू नये. हात न जोडणाऱ्या मुलाला कुणी हात लावला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांनी दखल घ्यावी. आणि आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा कधी भरणार त्याची तारीख गटशिक्षणाधिकाऱ्यांनी त्याच बैठकीत लेखी द्यावी. ती मिळेपर्यंत मी पुढचा विषय घेऊ देणार नाही.